पुरुषी टकलावरील औषधसंशोधन

पुरुषी टकलावरील औषधसंशोधन म्हणजे आनुवंशिकता आणि पुंसंप्रेरके यांच्या एकत्रित परिणामामुळे पुरुषांच्या डोक्यावरील केस क्रमाक्रमाने विरळ होण्याची क्रिया थांबवणाऱ्या किंवा उलटवणाऱ्या औषधांचा शोध होय. या विकाराला आधुनिक वैद्यकात अँड्रोजेनेटिक ॲलोपेशिया असे नाव आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत केस गळून टक्कल पडण्याला खालित्य ही संज्ञा आढळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विसाव्या शतकात या विकारासाठी दोन औषधांना मान्यता दिली : १९८८ मध्ये मिनॉक्सिडिल आणि १९९७ मध्ये फिनॅस्टराइड. त्यानंतरच्या पाव शतकाहून अधिक काळात तेथे तिसऱ्या औषधाची भर पडली नाही.

या दोन्ही औषधांचा उगम टकलावरील संशोधनात नाही. पहिले रक्तदाबाच्या उपचारातून आले, तर दुसरे प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर शोधले गेले. टक्कल हेच लक्ष्य ठेवून, त्यामागची जीवरासायनिक कारणे उलगडून तयार केलेले रेणू मात्र मानवी चाचण्यांत वारंवार अपयशी ठरले आहेत.

डोक्यावर अचानक गोल चकंदळ पडते त्या चाईशी या विकाराची गल्लत करू नये. चाई हा रोगप्रतिकार यंत्रणेचा विकार आहे. त्यावर बॅरिसिटिनिब (२०२२) आणि रिटलेसिटिनिब (२०२३) ही नवी औषधे अमेरिकेत मान्य झाली, तेव्हा ‘टकलावर औषध सापडले’ अशा बातम्या पसरल्या. ती औषधे पुरुषी टकलासाठी नाहीत.

केसाचे चक्र आणि रोमकूपाचे आक्रसणे

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीत, म्हणजे रोमकूपात, तयार होतो. रोमकूप आयुष्यभर एका चक्रातून जात असतो. वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असतो, त्यानंतर २ ते ३ आठवड्यांचा संक्रमणकाळ येतो आणि मग सुमारे ३ महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो व त्याच जागी नवा उगवतो. दररोज ५० ते १०० केस गळणे हे त्यामुळे सर्वसाधारण मानले जाते.

पुरुषी टकलात वाढीचा काळ दर चक्रागणिक आखूड होत जातो आणि रोमकूपही आकाराने लहान होतो. जाड, काळा, लांब केस हळूहळू बारीक, फिकट आणि आखूड होत अखेर लवेसारखा उरतो. टकलावर केस नसतात ही समजूत म्हणूनच पूर्णपणे बरोबर नाही. भिंगातून पाहिल्यास तेथे लव दिसते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज कोत्सारेलिस यांच्या गटाने २०११ मध्ये असे दाखवले, की टक्कल पडलेल्या त्वचेतही रोमकूपाच्या मूळ पेशींची संख्या जवळजवळ तितकीच राहते. कमी होतात त्या मूळ पेशींपासून निर्माण होऊन केस घडवणाऱ्या पुढच्या टप्प्यातील पेशी. बियाणे शाबूत आहे, पण ते रुजत नाही, अशी ही अवस्था आहे. नव्या औषधांच्या आशेचा मोठा भाग या निरीक्षणावर उभा आहे. अर्थात फार जुन्या टकलात रोमकूपाभोवती तंतुमय ऊती वाढलेली असते आणि तेथे औषधांचा उपयोग क्वचितच होतो.

संप्रेरकाचा धागा

लहानपणीच वृषणे काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, ही गोष्ट ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या नावावरील सूत्रांतही नोंदलेली आहे. तिला प्रायोगिक आधार मिळाला तो १९४२ मध्ये. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी तारुण्यापूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी ज्यांच्या घराण्यात टक्कल होते, अशांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांचे केस विरळ होऊ लागले; संप्रेरक थांबवल्यावर टक्कल पुढे सरकणे थांबले, मात्र गेलेले केस परत आले नाहीत. आनुवंशिक कल आणि संप्रेरक या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय टक्कल पडत नाही, हा निष्कर्ष त्यातून निघाला. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये केलेले आणि ओटार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारलेले टकलाच्या अवस्थांचे वर्गीकरण आजही वापरात आहे.

पुढील संशोधनात प्रत्यक्ष परिणाम करणारे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन नसून त्यापासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (यापुढे डीएचटी) असल्याचे स्पष्ट झाले. ५-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर हे रूपांतर घडवते. येथे एक कोडे आहे. हेच संप्रेरक दाढीचे केस जाड करते आणि माथ्यावरचे बारीक करते. डोक्याच्या मागच्या व कानांजवळच्या केसांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. केशरोपणाची शस्त्रक्रिया याच फरकावर आधारलेली आहे : मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, हे नॉर्मन ओरेन्ट्राइच यांनी १९५९ मध्ये मांडले. एकाच व्यक्तीच्या शरीरात, तीच जनुके असताना, रोमकूप जागेनुसार वेगळे का वागतात, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आनुवंशिकतेबाबत ‘टक्कल आईच्या वडिलांकडून येते’ हा समज अर्धा खरा आहे. अँड्रोजेन ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि पुरुषाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते. पण तेवढ्यावर सारे ठरत नाही. ब्रिटनमधील ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या माहितीवर आधारलेल्या २०१७ च्या अभ्यासात टकलाशी संबंधित २८७ जनुकीय स्थाने आढळली, आणि त्यांतील बहुसंख्य एक्स गुणसूत्राबाहेरची होती. इतके धागे असताना एकच धागा ओढून गाठ सुटणार नाही, हे औषधसंशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

मिनॉक्सिडिल

अमेरिकेतील अपजॉन कंपनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस पोटातील व्रणांवर औषध शोधण्याचे काम चालू होते. त्या कामातून पुढे आलेली संयुगे व्रणांवर निरुपयोगी ठरली, पण ती रक्तवाहिन्या रुंदावत असल्याचे दिसले. याच वाटेने तयार झालेल्या मिनॉक्सिडिलला १९७९ मध्ये तीव्र उच्च रक्तदाबावरील गोळी म्हणून मान्यता मिळाली. मात्र त्याआधीच, कोलोरॅडो विद्यापीठात चार्ल्स चिडसी यांच्या देखरेखीखाली हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर आणि अंगावर केस उगवू लागले होते. त्वचारोगतज्ज्ञ ग्विंटर कान आणि त्यांचे सहकारी पॉल ग्रँट यांनी औषधाचे द्रावण करून ते स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिले. पुढे पेटंटवरून कंपनीशी वाद झाला आणि कान यांचे नाव शोधकर्त्यांत समाविष्ट झाले.

पुरुषांसाठी २ टक्क्यांचे द्रावण १९८८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. कंपनीला त्याचे नाव ‘रीगेन’ ठेवायचे होते. इंग्रजीत त्याचा ध्वनी ‘पुन्हा मिळवणे’ असा होतो. त्यामुळे अवास्तव आश्वासन दिल्यासारखे होईल, या आक्षेपावरून ते ‘रोगेन’ झाले. युरोपात मात्र तेच औषध पहिल्या नावाने विकले जाते. १९९६ पासून ते अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागले.

मिनॉक्सिडिल रोमकूपात पोहोचल्यावर सल्फोट्रान्सफरेज या विकरामुळे त्याचे मिनॉक्सिडिल सल्फेट होते आणि तेच प्रत्यक्ष काम करते. हे विकर काहींच्या त्वचेत कमी असते. काही जणांना वर्षभर लावूनही फरक न दिसण्याचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. औषधामुळे पोटॅशियमचे मार्ग उघडतात व विश्रांतीतील रोमकूप लवकर वाढीकडे वळतो एवढे ठाऊक आहे. पण सारी साखळी पूर्णपणे उलगडलेली नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केसगळती वाढल्यासारखी वाटते, कारण नवा केस जुन्याला ढकलून बाहेर काढतो. अनेक जण नेमक्या याच वेळी घाबरून औषध सोडतात. डीएचटीवर मिनॉक्सिडिलचा काहीही परिणाम होत नाही, म्हणून वापर थांबवल्यावर काही महिन्यांत मिळालेले केसही जातात. अलीकडे अल्प मात्रेतील गोळीच्या रूपाने ते टकलासाठी दिले जाते. हा वापर अमेरिकेतील अधिकृत मान्यतेबाहेरचा, डॉक्टरांच्या विवेकावर सोडलेला आहे.

फिनॅस्टराइड

फिनॅस्टराइडची कथा कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या एका आडगावातून सुरू होते. देशाच्या नैर्ऋत्य भागातील सालिनास येथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि तशीच वाढवली जात. वयात येताना त्यांचा आवाज फुटे, स्नायू भरत आणि ती पुरुष म्हणून जगू लागत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये १३ कुटुंबांतील अशा २४ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या व्यक्तींत ५-अल्फा रिडक्टेज विकराची आनुवंशिक उणीव होती. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, डीएचटी मात्र अत्यल्प. प्रौढपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती, दाढी विरळ होती आणि त्यांना टक्कल पडत नव्हते.

मर्क कंपनीच्या संशोधनाची धुरा सांभाळणारे रॉय व्हॅजेलोस यांच्या वाचनात हे निष्कर्ष आले. निसर्गाने केलेला हा प्रयोग औषधाने करता आला तर वृद्ध पुरुषांतील प्रोस्टेटची वाढ रोखता येईल, असा विचार पुढे आला. त्यातून घडलेले फिनॅस्टराइड १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅम मात्रेत प्रोस्टेटसाठी आणि डिसेंबर १९९७ मध्ये १ मिलिग्रॅम मात्रेत पुरुषी टकलासाठी मान्य झाले. ज्या गावकऱ्यांच्या शरीरातून हे ज्ञान मिळाले, त्यांचा उल्लेख औषधाच्या लोकप्रिय इतिहासात बहुधा एका वाक्यापुरताच येतो, तोही कुतूहल म्हणून.

मान्यतेला आधारभूत असलेल्या चाचण्यांत १८ ते ४१ वयोगटातील १,५५३ पुरुषांचा समावेश होता. माथ्यावरील एक इंच व्यासाच्या वर्तुळातील केस मोजले गेले. सुरुवातीला तेथे सरासरी ८७६ केस होते. एका वर्षानंतर औषधाच्या गटात प्लासिबोच्या, म्हणजे औषधविरहित गोळीच्या, गटापेक्षा सरासरी १०७ केस अधिक होते. दोन वर्षांनंतर हा फरक १३८ झाला. दुसऱ्या वर्षातील वाढीचे एक कारण प्लासिबो गटातील घट हे होते. फिनॅस्टराइडचे मुख्य काम उरलेले केस टिकवणे हे आहे, तेच या आकड्यांतून दिसते. जाहिरातींतील छायाचित्रांवरून भलताच समज होऊ शकतो.

ड्युटास्टराइड हे याच वर्गातील अधिक प्रभावी औषध आहे. फिनॅस्टराइड विकराचा मुख्यतः दुसरा प्रकार रोखते, तर ड्युटास्टराइड पहिला व दुसरा असे दोन्ही. पुरुषी टकलासाठी ते दक्षिण कोरियात २००९ मध्ये आणि जपानमध्ये २०१५ मध्ये मान्य झाले. अमेरिकेत त्याची मान्यता प्रोस्टेटपुरतीच आहे.

दुष्परिणामांचा वाद

डीएचटी केवळ केसांपुरते काम करत नाही. फिनॅस्टराइडच्या मूळ चाचण्यांत पहिल्या वर्षी कामेच्छा कमी होणे, लिंगताठरतेच्या किंवा वीर्यस्खलनाच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के पुरुषांत नोंदल्या गेल्या. बहुतेकांत औषध थांबवल्यावर त्या दूर झाल्या. काहींनी मात्र औषध सोडल्यानंतरही तक्रारी टिकून राहिल्याचे सांगितले, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतील माहितीपत्रकात तशी नोंद करण्यात आली. या लक्षणसमूहाची कारणे आणि व्याप्ती यांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने २०२५ मध्ये उपलब्ध माहितीचा आढावा घेऊन आत्महत्येचे विचार हा फिनॅस्टराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. त्याचे प्रमाण किती, हे मात्र समितीला ठरवता आले नाही. औषधाचे फायदे धोक्यांपेक्षा अधिक आहेत, हे मत तिने कायम ठेवले.

पुरुष गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकत असल्याने गर्भवती स्त्रियांनी या औषधाच्या फुटलेल्या गोळ्या हाताळू नयेत, अशी सूचना असते.

नव्या औषधांच्या शोधावर या वादाची दाट छाया आहे. कर्करोगाच्या औषधाचे तीव्र दुष्परिणाम रुग्ण आणि नियामक स्वीकारतात, कारण समोर मृत्यू असतो. टकलाने कोणी मरत नाही. पंचविशीतील निरोगी तरुणाने वीस-तीस वर्षे घ्यायच्या औषधाला जवळजवळ निर्दोष असावे लागते. त्याच वेळी ज्याचे केस जात आहेत त्याला होणारा मनस्ताप खरा असतो. त्याला नुसती हौस म्हणून बाजूला सारणे योग्य नाही.

लक्ष्य ठरवून केलेले प्रयत्न

२०१२ मध्ये कोत्सारेलिस यांच्याच गटाने टक्कल पडलेल्या त्वचेत प्रोस्टाग्लँडिन डी२ या द्रव्याचे प्रमाण वाढलेले असल्याचे आणि ते केसांची वाढ रोखत असल्याचे प्रसिद्ध केले. हे द्रव्य ज्या ग्राहीवर काम करते तो अडवणारी औषधे ॲलर्जी व दमा यांसाठी आधीच तयार होत होती. त्यांपैकी सेटिपिप्रँट टकलासाठी तपासण्यात आले. कारण ठाऊक, लक्ष्य ठाऊक, माणसांत आधी वापरलेला रेणू हाताशी : यापेक्षा चांगली सुरुवात क्वचितच मिळते. पण १६९ पुरुषांवरील चाचणीत २४ आठवड्यांनंतर सेटिपिप्रँट आणि प्लासिबो यांत उपयुक्त फरक दिसला नाही. त्वचेत एखादे द्रव्य वाढलेले आढळले म्हणजे तेच टकलाचे मूळ, असे नसते. ते परिणामही असू शकते.

दुसरा मार्ग डब्ल्यूएनटी या संकेतमालिकेचा. गर्भावस्थेत रोमकूप घडवणारी आणि पुढे प्रत्येक चक्रात त्याला जागे करणारी ही पेशींमधील संदेशव्यवस्था आहे. तिला चालना देणारा एसएम०४५५४ हा रेणू चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचूनही बाजारात आला नाही. २०१८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी याच मार्गावर एक वेगळा धागा पकडला. अवयवरोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनमुळे अंगावर केस वाढतात हे जुने निरीक्षण होते. ते का वाढतात हे शोधताना एसएफआरपी१ हे डब्ल्यूएनटीला लगाम घालणारे प्रथिन कमी होत असल्याचे आढळले. त्या प्रथिनाला अडवणारा, मुळात अस्थिरोगासाठी तयार केलेला रेणू केशरोपणाच्या रुग्णांनी दान केलेल्या रोमकूपांवर वापरला असता त्यांची वाढ सुधारली. हा परिणाम प्रयोगशाळेतील बशीत दिसलेला होता, कोणाच्या डोक्यावर नव्हे. पापण्यांचे केस वाढवण्यासाठी २००८ मध्ये मान्य झालेले बिमॅटोप्रोस्टही डोक्यासाठी तपासले गेले, पण टकलाचे औषध म्हणून ते मान्यतेपर्यंत पोहोचले नाही.

चाचण्यांतील अडचणी

प्रयोगशाळेतील उंदीर हा या क्षेत्रातील पहिला दिशाभूल करणारा साक्षीदार आहे. उंदरांचे केस लाटेप्रमाणे एकाच वेळी वाढतात व थांबतात, माणसाचे प्रत्येकी स्वतंत्रपणे. शिवाय उंदरांना डीएचटीमुळे पुरुषी टक्कल पडत नाही. भादरलेल्या उंदराच्या पाठीवर केस लवकर आले, एवढ्यावर बातमी होते. तेवढ्याने माणसाबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही. आखूड शेपटीचे स्टंपटेल मॅकाक माकड वयपरत्वे माणसासारखे टकले होते, पण त्यावरील प्रयोग खर्चिक, संथ आणि नैतिकदृष्ट्या अवघड आहेत.

मोजमापही सोपे नसते. त्वचेवर सूक्ष्म गोंदणबिंदू करून दर वेळी नेमक्या त्याच जागेची छायाचित्रे घेतली जातात आणि केस मोजले जातात. केसगळती ऋतूनुसार बदलते. केस धुणे, विंचरणे, प्रकाशाचा कोन यांनीही फरक पडतो. वाढीचा वेग महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर एवढाच असल्याने ६ महिन्यांपेक्षा कमी काळाच्या चाचणीवर विसंबणे धोक्याचे असते. चीनमधील किंटोर कंपनीच्या पायरिल्युटामाइड या लावण्याच्या औषधाचे उदाहरण बोलके आहे : २०२३ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या निकालात औषध घेणाऱ्यांचे केस वाढले होते, पण प्लासिबो गटाशी तुलना करता तो फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य ठरला नाही.

विचाराधीन औषधे

रक्तातील संप्रेरकांना हात न लावता केवळ त्वचेत काम करणारे औषध हा सध्याच्या संशोधनाचा मुख्य प्रवाह आहे. क्लास्कोटेरॉन रोमकूपातील अँड्रोजेन ग्राहीवर डीएचटीची जागा अडवते आणि शरीरात शिरल्यावर लवकर निष्प्रभ होते. त्याचे १ टक्क्याचे मलम २०२० मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी मान्य झाले. पुरुषी टकलासाठी ५ टक्क्यांचे द्रावण तिसऱ्या टप्प्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत तपासण्यात आले. फिनॅस्टराइडची लावण्याची रूपेही याच हेतूने पुढे आली. त्वचेवर लावलेल्या फिनॅस्टराइडचा काही अंश रक्तात जातोच. अमेरिकी प्रशासनाने औषधविक्रेत्यांनी स्वतः मिसळून तयार केलेल्या अशा द्रावणांबद्दल २०२५ मध्ये इशारा दिला.

पीपी४०५ या रेणूचा पाया निराळा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की रोमकूपातील मूळ पेशी जाग्या होताना लॅक्टेटची निर्मिती वाढते. पायरुव्हेटला मायटोकाँड्रियात जाऊ दिले नाही तर लॅक्टेट वाढते आणि उंदरांत रोमकूप वाढीच्या अवस्थेत जातात. पीपी४०५ हेच द्वार अडवते. २०२५ पर्यंत त्याची माणसांवरील चाचणी दुसऱ्या टप्प्यात होती. संप्रेरकाला वळसा घालून थेट त्या न रुजणाऱ्या बियाण्याकडे जाण्याचा हा प्रयत्न असल्याने त्याकडे लक्ष लागले आहे. उंदरांबद्दल वर जे म्हटले ते मात्र येथेही लागू आहे.

भारतातील संदर्भ

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागातील संशोधकांचा २०१३ मधील अभ्यास जगभर उद्धृत होतो. त्यात १०० पुरुषांचे दोन गट केले गेले. एका गटाने केवळ ५ टक्के मिनॉक्सिडिल लावले, तर दुसऱ्याच्या डोक्यावर त्याखेरीज आठवड्यातून एकदा बारीक सुयांचा रोलर फिरवण्यात आला. १२ आठवड्यांनंतर मोजलेल्या भागातील केसांची सरासरी वाढ पहिल्या गटात २२.२ आणि दुसऱ्यात ९१.४ होती. सूक्ष्म जखमा भरून येताना सुटणारी द्रव्ये रोमकूपांना चालना देतात, असे स्पष्टीकरण दिले जाते. अभ्यासाचा कालावधी अल्प होता आणि कोणत्या गटात आपण आहोत हे सहभागींना ठाऊक असणे अपरिहार्य होते. केस मोजणाऱ्यांना मात्र ते कळू दिले नव्हते.

भारतातील औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये, जे विकार टाळण्याचा वा बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांच्या यादीत, टकलाचा स्पष्ट उल्लेख आहे. केस उगवून देण्याची हमी देणारी तेले आणि चूर्णे तरीही राजरोस विकली जातात. कधीही मान्यता न मिळालेला आरयू५८८४१ हा फ्रेंच कंपनी रूसेल-युक्लाफच्या प्रयोगशाळेतील जुना रेणूही ‘संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून इंटरनेटवर विकला जातो. त्याची शुद्धता आणि मात्रा यांवर कोणत्याही नियामकाचे नियंत्रण नाही.